दाराबाहेरचे बूट

"साखर आत्ता जाईल," डॉक्टर म्हणाले होते, "पण पत्ता लक्षात ठेवून जाईल. वजन उतरवलं नाहीत तर परत येईल, आणि तेव्हा पाहुणी म्हणून नाही, भाडेकरू म्हणून येईल."

ती हसली होती. मांडीवर नुकती जन्मलेली पोर, टाके ओढतायत, दूध पुरतंय की नाही या एकाच विचाराने डोकं भणभणलंय, आणि हे गृहस्थ पाहुणे नि भाडेकरू काढून बसलेत! पोर पोटात असताना वाढलेली तिची साखर बाळंतपणानंतर खरोखरच उतरली, रिपोर्ट चांगला आला, आणि तिने तो विषय डोक्यातून काढून टाकला. "बाळंतिणीचं अंग आहे, उतरेल आपोआप," सासूबाई म्हणाल्या. "उतरेल," नवरा म्हणाला. उतरेल, असं तीही म्हणाली. घरात सगळ्यांचं एकमत झालं की खरंखोटं तपासायला कोण बसतंय?

वजन तेवढं या एकमतात सामील झालं नाही.

तशी काळजी करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. पोर झोपली की श्वास चालू आहे ना हे पाहायला ती नाकापुढे बोट धरायची. पोर जागी असली की एवढी टक्क जागी का, म्हणून घोर. खोकला कोरडा की ओला हे शेजारच्या खोलीतून ओळखायची. कॉलेजात मानसशास्त्र घेतलेलं असल्यामुळे काळजी करायला भारदस्त शब्दही हाताशी होते. पोरीचं टोपणनाव ठकी. ठकीच्या नखांपासून ते सासूबाईंच्या चष्म्याच्या सैल झालेल्या दांडीपर्यंत घरातल्या प्रत्येक गोष्टीवर तिचं लक्ष असे. स्वतःचं अंग मात्र त्या पहाऱ्यातून कसं कोण जाणे, निसटलं होतं.

नोकरी कुरिअरच्या ऑफिसात. काउंटरवर बसून दिवसभर दुसऱ्यांची खोकी काट्यावर ठेवायची, आकडा बघायचा, पावती फाडायची. एकदा नेहमीच्या गिऱ्हाइकांपैकी एक आजीबाई खोकं पुढे सरकवत म्हणाल्या, "दुसऱ्याची चाहूल वाटतं? छान हो, छान. पाठोपाठ झालेलं बरं."

आता खरं सांगायचं तर आजीबाई ओशाळल्या असत्या. रांगेत मागे चारजण उभे. ती पटकन म्हणाली, "थँक्यू."

झालं! त्यानंतर आजीबाई आल्या की चौकशी. "कितवा?" "डोहाळे कडक आहेत का?" शेजारच्या टेबलावरून पार्सलं उचलणारा पैलवान खाली मान घालून खिदळायचा. या पैलवानाची शरीरयष्टी म्हणजे छत्रीची काडी. म्हणूनच ते नाव. "ताई," तो म्हणाला, "नऊ महिने झाल्यावर काय सांगणार आहात? मला आत्ताच सांगून ठेवा, म्हणजे आपली दोघांची साक्ष जुळेल."

ऑफिसात ती त्याच्याबरोबर हसली. घरी येऊन नळ सोडला आणि मोरीत बसून रडली. दुसऱ्या दिवसापासून चालायला जायचं ठरवलं.

पहिल्याच सकाळी जिन्यात तिला हॅलोमावशी भेटल्या.

हॅलोमावशी वरच्या मजल्यावर एकट्या राहायच्या. अख्खी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेलेली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी दार उघडलं की "हॅलो", जिन्यात दिसलं की "हॅलो", कुणी शिंकलं तरी "हॅलो". घरात मात्र फोन नाही. "आयुष्यभर कानाला लावून बसले ना गं, आता पुरे," म्हणायच्या. त्यांना गुडघ्यासाठी चालायचं होतं, हिला वजनासाठी. दोघींनी सकाळी बरोबर जायचं ठरवलं.

पण एकमेकींना कळवायचं कसं? मावशींकडे फोन नाही. बेल वाजवली तर ठकी उठणार आणि मग सगळा मामलाच खलास. मावशींनीच युक्ती काढली. हिने उठून तयार झालं की बूट दाराबाहेर पायपुसण्यावर ठेवायचे. मावशी वरून उतरताना बूट बघतील आणि नखाने दारावर हलकेच टकटक करतील. बूट नसले तर सरळ पुढे निघून जातील.

"आणि का नाही आलीस, असं मी विचारणार नाही," मावशी म्हणाल्या. "आमची शिस्त आहे ती. समोरच्याने फोन ठेवला की ठेवला. का ठेवला विचारायचं नसतं. माणसाला शंभर कारणं असतात."

तिला ते फार आवडलं. घरी, ऑफिसात, दवाखान्यात, जो तो कारण विचारणारा. एक तरी माणूस असा, ज्याच्यापुढे सबब तयार ठेवावी लागत नाही!

ते दिवस चांगले गेले. कोपऱ्यावरच्या बेकरीवरून, शाळेच्या लांबलचक भिंतीच्या कडेने, पाण्याच्या टाकीला वळसा घालून परत. मावशी एक्स्चेंजमधल्या गमती सांगायच्या. रोज ठरावीक वेळी चुकीचा नंबर मागणारा एक माणूस, त्याला नुसतं बोलायचं असायचं म्हणे. वजन उतरायला लागलं. जुन्या ड्रेसची बटणं लागायला लागली. आणि तिथेच तिने घोळ घातला. काळजीखोर माणसाला थोडकं काही जमतच नाही. चहातली साखर बंद, मग चहा बंद, मग रात्रीचं जेवण बंद. सकाळ-संध्याकाळ काट्यावर चढायचं. आकडा खाली गेला की दिवस सोन्याचा, वर गेला की मातीचा. नवरा चष्म्याच्या दुकानात कामाला होता, गिऱ्हाइकांचे डोळे तपासायचा. तो म्हणाला, "अगं, थोडं हळू घे. एवढ्या मोठ्या नंबरचा चष्मा एकदम लावला की माणसाला चक्कर येते."

मग ठकीला ताप आला. तापातून खोकला, खोकल्यातून जागरणं. बूट एक दिवस आत राहिले, मग दुसरा. दमलेली, उपाशी, चिडलेली ती पोरीची ताटली घासायला घ्यायची आणि तिच्यातलं उरलेलं केळं, दुधात भिजलेली बिस्किटं, अर्धं अंडं उभ्याउभ्या तोंडात टाकायची. टाकून द्यायचं कसं? ते जेवण तिच्या हिशेबात धरलेलंच नव्हतं, कारण ती त्याला बसली नव्हती. ठकी बरी झाली तोवर काट्यावरचा आकडा जिथून निघाला होता तिथे पोचून दोन पावलं पुढे गेला होता. तिने काटा पलंगाखाली सरकवला. ठकीने तो शोधून काढला आणि त्यावर बाहुल्या झोपवायला सुरुवात केली.

चालणं सोडायचं, असं तिने काही ठरवलं नाही. ते नुसतं उद्यावर जात राहिलं.

सकाळी तिला जाग यायचीच. वरून मावशींची पावलं उतरायची, दारापाशी थांबायची. ही दाराच्या आत श्वास रोखून उभी. मग पावलं खाली जायची. कधीतरी ती पावलं ऐकू येईनाशी झाली. सुटले एकदाची, असं तिला वाटलं. मावशींना दुसरी कुणी सोबत मिळाली असेल किंवा वेळ बदलली असेल. त्या जिन्यात भेटू नयेत म्हणून ती आधी दार किलकिलं करून कानोसा घ्यायची. भेटल्या तरी त्या काही विचारणार नव्हत्या म्हणा. तेच तर नको होतं.

पुढच्या थंडीत ठकीला पुन्हा खोकला झाला म्हणून ती तिला घेऊन त्याच डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी पोरीची छाती तपासली, घसा बघितला, म्हणाले, "हिला काही झालेलं नाही. आईचं काय?"

"माझं काय?"

"तेच विचारतोय. शेवटची साखर कधी बघितली होतीत?"

तिने खूप आठवल्यासारखं केलं. डॉक्टरांनी कागद पुढे ओढला आणि तपासणी लिहून दिली.

आकडा आला तेव्हा डॉक्टरांनी टेबलावर बोटाने एक रेघ ओढली. "ही सीमा. तुम्ही अगदी हिच्यावर उभ्या आहात. पलीकडे गेलात की परत येणं फार अवघड असतं. आत्ता गोळी देत नाही. ही तपासणी तीन महिन्यांची सरासरी सांगते, तेव्हा तीन महिन्यांनी परत या. खाणं बघा, चाला, वजन थोडं तरी उतरवा. मग ठरवू."

घरी येताना ठकी तिच्या खांद्यावर झोपून गेली. रस्ताभर तिच्या डोळ्यांपुढे एकेक चित्र. ठकी शाळेत, आपण औषधांच्या दुकानात. ठकी कॉलेजात, आपले डोळे अधू, पाय सुजलेले. ठकी मोठी होऊन दुसऱ्या खोलीतून आपला श्वास ऐकतेय. हे शेवटचं चित्र तिला सगळ्यात असह्य झालं. पहारा द्यायचा तर आपण द्यायचा. लेकरावर ती वेळ आणायची?

भीती मोठी कामसू असते, पण तिचा दम टिकत नाही. पहिल्या दिवशी तिने बिस्किटांचे डबे पैलवानाला देऊन टाकले. ("ताई, मी जाड झालो तर हे नाव खरं होईल ना!") दुसऱ्या दिवशी नवरा म्हणाला, "चल, मी येतो चालायला." आला. बेकरीपर्यंत. तिथे त्याला दुकानाच्या मालकाचा फोन आला, आणि तो संपेपर्यंत बेकरीवाल्याने आपणहून दोन पाव बांधून ठेवले. तिसऱ्या दिवशी तिला भीतीचीच सवय झाली, आणि चौथ्या दिवशी ती मोरीपाशी उभी राहून ठकीच्या ताटलीतला उकडलेला बटाटा खात होती.

"अगं, बसून तरी खा," सासूबाई म्हणाल्या. "चोरून खाल्ल्यासारखं काय?"

"चोरून कुठे, आई? उरलेलं संपवतेय."

"तेच म्हणतेय मी. तुझ्या पोटाला काय, घरातल्या उरल्यासुरल्याचा डबा समजलीस?"

सासूबाईंच्या जिभेला धार होती, पण त्या ती उगीच फिरवायच्या नाहीत. तिने ताटली खाली ठेवली. तिला कळत होतं, आपल्याला कडक नियम जमत नाहीत असं नाही. नियम मोडल्यावर काय करायचं तेच जमत नाही. एक दिवस चुकला की सगळंच वाहून गेलं असं वाटतं. आणि मग तिला त्या सकाळी आठवल्या. तेव्हा ती स्वतःला ढकलत नव्हती. कुणीतरी येणार म्हणून तयार होत होती, एवढंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बूट काढले, पुसले, आणि दाराबाहेर ठेवले.

केस बांधून, मोजे चढवून ती आत खुर्चीवर बसून राहिली. टकटक झाली नाही. पावलंही वाजली नाहीत. उन्हं आली तेव्हा तिने बूट आत घेतले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही तेच.

"बूट कुणासाठी मांडून ठेवतेस?" सासूबाईंनी विचारलं. "चोर आला तर त्याच्या मापाचे तरी आहेत का बघ."

"हॅलोमावशींसाठी, आई. आम्ही जायचो ना पूर्वी."

"त्या कुठल्या येतायत! कित्येक दिवसांत खाली उतरलेल्या बघितल्या नाहीत मी. कचरासुद्धा दाराशी ठेवतात, झाडूवाली घेऊन जाते."

ती चपापली, आणि लगेच तिला राग आला. अर्थात तो राग स्वतःवरचा होता, पण मावशींवर काढायला सोपा होता. उतरत नसतील तर सांगायला काय झालं? का रागावल्यात माझ्यावर? रागावल्या असतील तर राहू देत. आपण दोन दिवस बूट ठेवले, आपलं काम केलं. आता त्यांच्याकडून उत्तर नाही तर आपण काय करणार?

हाच युक्तिवाद घोळवत ती ऑफिसला गेली. दुपारी पैलवान एक खोकं घेऊन परत आला आणि तिच्या टेबलावर ठेवून म्हणाला, "ताई, हे परत पाठवा. पत्त्यावर कुणी नाही."

तिथे पद्धत अशी होती की दार बंद मिळालं तरी पार्सल लगेच परत पाठवायचं नाही. पुन्हा जायचं, दार वाजवायचं, शेजारी विचारायचं, आणि मगच खोक्यावर शिक्का मारायचा.

"कितीदा गेलास?"

"दोनदा."

"दार वाजवलंस?"

पैलवानाने डोकं खाजवलं. "खरं सांगू का? दोन्ही वेळा बाहेर चपला नव्हत्या. म्हटलं, कुणी नसेल."

"चपला नव्हत्या!" ती कडाडली. "म्हणून तू दार न वाजवता परत आलास? आत कुणी आजारी असेल, कुणी बसून वाट बघत असेल. न वाजवता कसं कळलं तुला घरात कुणी नाही ते?"

सगळं ऑफिस वळून बघायला लागलं. पैलवान म्हणाला, "अहो ताई, चादरीचं खोकं आहे. औषध नाही."

तिच्या हातात शिक्का होता तो तसाच खाली ठेवला. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. "जा, परत जा आणि वाजव," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली.

त्या दिवशी घरी येताना ती आपल्या मजल्यावर थांबलीच नाही. पर्स खांद्याला तशीच, सरळ वर गेली आणि मावशींचं दार वाजवलं. नखाने नव्हे, चांगलं मुठीने.

बराच वेळ आत खुर्ची सरकल्याचा, काहीतरी धरत धरत येण्याचा आवाज. मग कडी.

"हॅलो," मावशी म्हणाल्या. आवाज तोच, टापटिपीचा. पण मावशी बदललेल्या. चेहरा सुजल्यासारखा, अंगाने दुप्पट, एक हात भिंतीला. "अगं, तू? ये ना. ठकी बरी आहे ना?"

"बरी आहे. तुम्ही कशा आहात?"

"मला काय धाड भरलीय? गुडघा जरा रुसलाय. खिडकीपाशी बसते, रस्ता बघते. मजेत आहे." आत खिडकीशी एक खुर्ची, तिच्या हाताशी पाण्याचा तांब्या, औषधं, रेडिओ. अख्खं घर त्या खुर्चीभोवती गोळा होऊन बसलेलं.

"मावशी, तुम्ही चालणं कधी सोडलंत?"

मावशींनी तिच्याकडे पाहिलं. शिस्त मोडली गेली हे दोघींच्याही लक्षात आलं.

"तू सोडलंस त्यानंतर थोड्याच दिवसांत," त्या म्हणाल्या. "मला वाटलं माझ्या चालीला कंटाळलीस. बरोबरच होतं गं. तुला झपझप चालायचं, तुला वजन उतरवायचं, आणि मी म्हातारी दर खांबाला टेकणार. तरण्या पोरीने किती दिवस रेंगाळायचं?"

"मी कंटाळले नव्हते! माझंच सगळं बिघडलं होतं. वजन परत वाढलं, लाज वाटत होती. तुमची पावलं ऐकली की मी दाराआड..." ती अडखळली.

"उभी असायचीस. माहीत होतं मला."

"कसं?"

"दाराखालच्या फटीतून पावलांची सावली दिसायची."

ते रिकामं पायपुसणं बघत, दाराआडच्या तिच्या सावलीसमोर मावशी रोज सकाळी उभ्या राहिल्या होत्या. "मग वाजवलं का नाही?"

"आपलं ठरलं होतं ना, विचारायचं नाही म्हणून." मावशी हसल्या, ते हसू काही गालांपर्यंत पोचलं नाही. "एक्स्चेंजमध्ये ठीक असतं गं ते. तिथे एक गेला की दुसरा लाइनवर येतो. इथे माझ्याकडे दुसरं कोण येणार होतं? मग एक दिवस म्हटलं, नुसतं दार बघायला कशाला उतरायचं? आणि एकदा उतरणं बंद झालं की पायऱ्या वाढतात, बाई. रोज वाढतात."

ती म्हणाली, "माझी साखर काठावर आलीय, मावशी. तीन महिन्यांत खाली नाही आली तर गोळ्या सुरू. मला एकटीने जमत नाही. चार दिवस करून बघितलं."

"आणि मला पायऱ्या उतरवत नाहीत. छान जोडी आहे." मावशींनी गुडघ्यावर थाप मारली. "बोल, काय करू या?"

"तुम्ही बूट बाहेर ठेवायचे. मी वर येईन."

"आणि नाही ठेवले तर?"

"तरी वाजवणार."

पहिल्या सकाळी त्या दोघी खालच्या फाटकापर्यंत पोचल्या, बस्स. एका पायरीवर दोन्ही पाय, मग पुढची पायरी. मावशींच्या कपाळावर घाम, हिच्या मनात धुसफूस: अशाने माझं वजन या जन्मी उतरणार का? तिला स्वतःचाच राग आला, पण शंका काही खोटी नव्हती. तोडगा मावशींनीच काढला. फाटकाशी एक बाकडं होतं. त्या त्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "मी इथे एक्स्चेंज उघडते. तू टाकीपर्यंत जाऊन ये. येताना मला दिसलीस की मी हॅलो म्हणणार. मध्ये कुठे लाइन कट झाली तर बघ!"

ती टाकीपर्यंत झपझप गेली आणि आली. लांबून "हॅलो!" ऐकू आलं. सकाळी फिरणाऱ्या दोघातिघांनी दचकून मावशींना उलट हॅलो केलं. आठवड्याभरात त्यांचं बाकडं म्हणजे खरोखरच एक्स्चेंज झालं. कोण आलं, कोण नाही, सगळी खबर तिथे. हळूहळू मावशी बेकरीपर्यंत येऊ लागल्या.

खाण्याचं तिने या वेळी मोठं सोंग आणलं नाही. उभ्याने काही खायचं नाही, एवढंच. भूक लागली तर ताट घ्यायचं, बसायचं, आणि त्या ताटात जे असेल तेच आपलं जेवण. ठकीचं उरलेलं झाकून ठेवायचं. काटा पलंगाखालून बाहेर आला नाही, कारण बाहुल्या झोपल्या होत्या आणि ठकी त्यांना उठवू देईना. तेही एका परीने बरंच झालं.

आणि मग ठकीला पुन्हा ताप आला. आता घरी पोरं असली की येतोच तो. एक सकाळ ती वर गेली नाही. दुसऱ्या सकाळी, अंगाला पोरीच्या औषधाचा वास, डोळे चुरचुरतायत, ती पडल्यापडल्या विचार करत होती: संपलं. मागच्या वेळी असंच संपलं होतं. इतके दिवस केलं ते गेलं पाण्यात. तेवढ्यात दारावर नखाची टकटक झाली.

दारात मावशी. कठडा धरून, धापा टाकत, एकट्या उतरून आलेल्या.

"हॅलो. येतेस का?"

"मावशी, ठकीला ताप आहे, रात्रभर..."

"कारण कुठे विचारलं मी? येतेस का, एवढंच विचारलं."

"आज नाही जमणार."

"बरं. उद्या विचारीन." आणि वळून त्या एकेक पायरी चढायला लागल्या.

ती दारात उभी राहून त्यांची पाठ बघत राहिली. रडू आलं नाही, उलट हसूच आलं. आजचा दिवस चुकला, म्हणजे आजचा दिवस चुकला. त्याच्या पलीकडे त्याला अर्थच नव्हता. इतकी साधी गोष्ट, पण ती तिला आजवर कुणी अशी दारात येऊन सांगितली नव्हती. ती आत गेली, ठकीला पाणी पाजलं, आणि स्वतःसाठी ताट घेऊन बसली. दोन दिवसांनी ताप उतरला आणि त्या दिवशी तिचं उत्तर "येते" होतं.

तीन महिन्यांनी तपासणी झाली. डॉक्टरांनी कागद चष्म्याजवळ नेला, लांब नेला. तिचा जीव टांगणीला.

"अलीकडे आलात," ते म्हणाले. "फार नाही, पण सीमेच्या अलीकडे. गोळी नको. वजनही थोडं उतरलंय. आता उड्या मारू नका."

"नाही मारणार," ती म्हणाली. "चालतेय तेवढं पुरे. पुढची तपासणी कधी?" हा प्रश्न तिने स्वतः विचारला, तेव्हा डॉक्टरांनी मान वर करून तिच्याकडे नीट पाहिलं.

काउंटरवरच्या आजीबाईंना ती अजून जाडच दिसते. त्यांनी परवा विचारलं, "अगं, तुझं अजून झालं कसं नाही?" तेव्हा तिने सांगून टाकलं, "आजी, ते वजन होतं हो, बाळ नव्हतं." आजीबाई आधी वरमल्या, मग पैलवानाच्या आधी स्वतःच हसायला लागल्या. साखर परत काठावर येणार नाही असं तिला कुणी लिहून दिलेलं नाही. तिची काळजीही कुठे गेलेली नाही. फक्त तिच्या पहाऱ्यात आता घरची आणखी एक बाई धरली जाते, ती स्वतः. वरच्या मजल्यावरच्या दुसऱ्या बाईंना धरून दोन.

तुम्हीही हे बसून वाचताय, तर एक काम सांगते. तुमच्या ओळखीत कुणीतरी असेल, जी काही दिवस मोठ्या उमेदीने चालत होती, व्यायामाला येत होती, डबा बदलून आणत होती, आणि मग काही न बोलता दिसेनाशी झाली. तिने सोडलं, असं तुम्हीही मनात म्हणून टाकलं असेल, आणि तिला ओशाळं वाटू नये म्हणून गप्प राहिला असाल. तुमचा हेतू चांगलाच होता. तरी आज उठा, आणि ती कशी आहे ते एकदा जाऊन बघून या.